करदोड्याची किल्ली

एखाद्या माणसावर सूड उगवायचा म्हणून कुणी मांडीच्या हाडाचा अभ्यास करतं का? मी केला. लोक विचारतात, बाई माणूस असून तुम्ही या कामात कशा आलात, तेव्हा मी साळसूदपणे "आवड होती" म्हणते. आवड कसली डोंबलाची! मला एका डॉक्टरचं नाक ठेचायचं होतं. त्या नादात मी माणसाच्या खुब्यात बसवायचे धातूचे सांधे कागदावर काढायला शिकले आणि पुढे तोच माझा धंदा झाला.

आमचं गाव साखरा, सेनगाव तालुक्यातलं. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती. मी बारावी सायन्सला हिंगोलीत खोली करून राहायचे आणि गावातली सायन्स घेतलेली पहिली पोरगी म्हणून माझी मान जरा ताठच असायची. आबा, म्हणजे माझे वडील, पंचेचाळिशीतले. कोरडवाहू रान, एक बैलजोडी, आणि तोंडातून निघालेला शब्द पक्का. गावात बांधाचं भांडण लागलं की माणसं म्हणायची, आबाला इचारा, त्यो खोटं बोलत न्हाई. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. पुढं आबांचा पाय गेला तो गेलाच, पण त्याहून जास्त हे गेलं.

त्या हिवाळ्यात आबा कडब्यानं भरलेल्या गाडीवर उभे राहून पेंढ्या रचत होते. बैल बुजले, गाडीला हिसका बसला आणि आबा वरून थेट दगडावर पडले. डाव्या खुब्यावर. सेनगावच्या डॉक्टरनं पाहिलं आणि हात जोडले, मोठ्या शहरात न्या म्हणाला. जीपमध्ये मागच्या दोन्ही बाकांच्या मधे गोधडी टाकून आबांना नेलं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला आबा एकच म्हणत होते, "हळू रे बाबा, हळू." माय त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

शहरातल्या दवाखान्यात आधी फोटो काढायचा होता. फोटो म्हणजे एक्स-रे, आमच्याकडं आजही फोटोच म्हणतात. फोटो काढणाऱ्यानं आबांच्या कमरेचा काळा करदोडा पाहिला. त्यात पेटीची किल्ली बांधलेली होती. आमच्याकडच्या बहुतेक गडीमाणसांची तशी असते. हरवायची भीती नाही. तो म्हणाला, "चाचा, ये डोरा काटना पडेगा." आबा तसल्या वेदनेत उठून बसायला निघाले. "करदोडा माणूस मेल्यावर तोडतेत. मी अजून जित्ता हाय." माय रडायला लागली, अपशकुन नको म्हणाली. तो वैतागला, पण समजूतदार निघाला. त्यानं करदोडा तसाच ठेवला आणि किल्ली पोटावरून सरकवून मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधल्या उंचीवर, चिकटपट्टीनं आडवी चिकटवली. फोटोत हाडाच्या शेजारी किल्ली उमटली. दात, भोक, सगळं स्पष्ट. आम्ही बाहेर बाकावर बसून तो फोटो उजेडात धरून पाहिला आणि त्या दुःखातही मला हसू आलं. आबांच्या मांडीचं कुणी कुलूप उघडणार आहे की काय असं ते दिसत होतं.

डॉक्टर तरुण होता, गोरापान, नव्यानंच दवाखाना टाकलेला. हाडाची मान मोडलीय, आत लोखंडी गोळा बसवायचा, असं त्यानं सांगितलं. गोळ्याखाली एक लांब दांडा असतो. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीत तो दांडा वरून ठोकून बसवायचा. त्यानं फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, साधी फूटपट्टी काढली, पोकळीची रुंदी मोजली आणि चिठ्ठीवर लिहून घेतली. त्या मापाचा एक दांडा दुसऱ्या दिवशी त्याहून मोठ्या शहरातून एसटीच्या पार्सलनं आला. मी हे सगळं उभी राहून पाहत होते. फूटपट्टी लावताना तो किती झोकात लावत होता! मला तर वाटलं, आपण पण असं काहीतरी करावं.

ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही आणि उकिडवं तर मरेपर्यंत बसायचं नाही. बसलात की सांधा गेलाच समजा. आबांनी मान डोलावली.

आता खेड्यात उकिडवं न बसता माणसानं परसाकडं कसं जायचं? घरात संडास नाही, सगळा गाव नाल्याच्या कडेला. मायनं एक जुनी लाकडी खुर्ची काढली, सुताराकडून तिला मधे भोक पाडून घेतलं. रोज सकाळी आबा कुबड्यांवर पुढं आणि माय डोक्यावर खुर्ची घेऊन मागं. अख्खा गाव हसायला. "निघालं बघा राजाचं सिंहासन!" पोरंसोरं मागं धावायची. आबांनी मान खाली घातली, पण खुर्ची सोडली नाही. एक दिवससुद्धा नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे सांगितलं.

पण मांडी दुखायची थांबेना. पहिल्या दिवशी पाय टेकवला तेव्हापासून ती ठणकत होती, आबा तेव्हाच म्हणाले होते, "आत काई तरी हाललं." दोन महिने काढले. पाय आखूड व्हायला लागला. मग पुन्हा दवाखाना. नेमका दुसऱ्या दिवशी माझं बोर्डाचं प्रॅक्टिकल होतं. मायला एकटीला जमणार नाही म्हणून मला हिंगोलीहून बोलावून घेतलं होतं. मी रागानं नुसती धुमसत होते. जर्नल मांडीवर घेऊन बसले होते आणि आबांशी एक शब्द बोलत नव्हते.

नव्या फोटोत दांडा खाली सरकला होता आणि हाड वरून उभं फाटलेलं होतं. डॉक्टरचं तोंड उतरलं. त्यानं आबांना विचारलं, "उकिडवे बसला होतात ना?"

"न्हाई."

"खरं सांगा. एकदा तरी?"

"एकदा बी न्हाई. मी काहून खोटं बोलू?"

डॉक्टर पडद्याबाहेर आला. आबा पडद्यापलीकडं टेबलावर होते, कंपाउंडर त्यांना धोतर नेसवत होता. माय औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली होती. डॉक्टरनं माझ्या हातातलं जर्नल पाहिलं. "सायन्सला आहेस? हुशार दिसतेस. तू सांग बरं, बाबा कधी खाली बसले होते? तू शिकलेली आहेस, तू खरं सांगशील."

मी काय पाहिलं होतं? पंधरा दिवसांपूर्वी घरी गेले होते तेव्हा गाय वीत होती. गव्हाणीच्या मागं आबांची पाठ दिसली होती, खाली वाकलेली. बस्स, एवढंच. पण मला शिकलेली म्हटलं गेलं होतं, मला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर मला आबांचा राग आला होता. मी म्हणाले, "हो. एकदा बसले होते. गोठ्यात."

पंखा मोठ्यानं फिरत होता. आबांना ऐकू गेलं नसेल असं मी धरून चालले.

डॉक्टरच्या चेहऱ्यावर जो रंग परतला तो मला आजही दिसतो. तो आत गेला आणि वरच्या पट्टीत सुरू झाला. "तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही! सोन्यासारखं ऑपरेशन मातीत घातलंत. बसलात, हाड फाटलं. आता मी काय करू?" बाहेर रांगेत आमच्याच भागातली चार माणसं होती. आम्ही साखऱ्याला पोचायच्या आधी बातमी पोचली.

माझा पहिला सूड असा मी आबांवरच उगवला.

प्रॅक्टिकल देऊन घरी आले तेव्हा गोठ्यात गेले. गव्हाणीच्या मागं तेलाचा पंधरा किलोचा डबा उभा होता, वर पोत्याची घडी. मी मायला विचारलं हा इथं कशाला. ती म्हणाली, "त्यायला खाली बसता येत न्हाई, गाय तर अडलेली. म्या खुर्ची आणून राहिले व्हते तर म्हने खुर्चीचं भोक नडतं, डबा दे." म्हणजे आबा डब्यावर बसले होते. मी तिथंच शेणात उभी राहिले. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

गावानं आबांना नाव पाडलं, उकिडवे आबा. ज्या माणसानं चारचौघांत भोकाची खुर्ची मिरवली त्याला उकिडवे म्हणायचे! बांधाच्या भांडणात त्यांना विचारणं बंद झालं. एकदा पारावर आबा साक्ष द्यायला उभे राहिले तर कुणीतरी म्हणालं, "तुमी तर डाक्टरला बी फसवलं." सगळे हसले. आबा घरी आले आणि त्यानंतर पारावर गेले नाहीत. ओट्यावर बसायचे, त्याच खुर्चीवर. मायनं भोकावर फळी ठोकून दिली होती. आणि दुसऱ्या ऑपरेशनचं कुणी काढलं की त्यांचं एकच उत्तर, "ज्यायनं मला खोटं पाडलं त्यायच्या हाती मी पुन्हा मांडी देत न्हाई. आधी म्हना, मी बसलो नव्हतो. मंग कापा." एक पाय आखूड, हातात काठी, रात्रंदिवस ठणका, पण माणूस हटेना.

मी मात्र डॉक्टरवर दातओठ खात राहिले. स्वतःवरचा राग दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला की चालायला सोपं जातं. माझ्या एका "हो"वर तो माणूस सुटला होता. मी इंजिनीअरिंग केलं, मेकॅनिकल, वर्गात आम्ही दोघीच पोरी. मग पुण्याच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लागले. तिथं हाडाच्या पट्ट्या आणि स्क्रू बनायचे. दोन-तीन वर्षांनी मालकानं खुब्याचे दांडे करायचं ठरवलं आणि ड्रॉइंगचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्याच आठवड्यात मालकानं मला एक गोष्ट शिकवली. म्हणाला, फोटोवरून थेट माप घ्यायचं नाही. फोटो म्हणजे सावली. कंदिलापुढं हात धरला की भिंतीवर हात मोठा दिसतो ना, तसंच. हाड फिल्मपासून जितकं वर, तितकं ते मोठं उमटतं. किती मोठं ते कळायला शेजारी हाडाच्याच उंचीवर ओळखीच्या मापाची एखादी धातूची वस्तू ठेवावी लागते. तिची सावली मोजायची, खरी वस्तू मोजायची, आणि तेवढ्या पटीनं हाड कमी करायचं.

मालक पुढं काय बोलत होता ते मला ऐकूच आलं नाही. मला फूटपट्टी दिसत होती. ती झोकात लावलेली फूटपट्टी. आणि हाडाच्या शेजारची किल्ली.

दसऱ्याला गावी गेले. तोवर आम्ही हिंगोली जिल्ह्याचे झालो होतो. फोटोंचं पाकीट गादीखालीच होतं. मधे सूर्यग्रहण आलं तेव्हा गल्लीतल्या पोरांनी ते फोटो नेऊन डोळ्यांपुढं धरले होते, त्यामुळं कडांना बोटांचे डाग पडले होते. बाकी सगळं शाबूत. किल्लीची सावली मोजली, साठ मिलिमीटर. मग बॅगेतून व्हर्निअर काढलं, म्हणजे बारीक मापं घ्यायची दोन जबड्यांची पट्टी, आणि अंगणात बाजेवर पडलेल्या आबांचं धोतर जरा खाली सरकवलं.

"काय मापून राहिलीस, बाई?"

"किल्ली."

"किल्लीनं काय केलं?"

"पडून राहा, आबा. हलू नका."

"करदोडा तोडायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"नाही तोडत. तुम्ही श्वास घ्या."

किल्ली भरली पन्नास. फोटोत पोकळी चौदा मिलिमीटर दिसत होती, म्हणजे खरी बारासुद्धा नाही. दांड्याचा साइज दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेला होता, चौदा. बारा मिलिमीटरच्या भोकात त्यानं चौदाचा दांडा हातोडीनं हाणला होता! मग मी दुसरा फोटो उचलला, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा. तारीख कोपऱ्यात होती. उजेडाकडं तिरपा धरला. दांड्याच्या शेजारी हाडात केसासारखी एक रेघ होती. आबा तेव्हा खाटेवरून उठलेसुद्धा नव्हते.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी आबांना काही बोलले नाही. बोलले असते तर माझं खोटं पण सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, आधी तो. आधी त्याच्या तोंडून.

पुढची तीन वर्षं मी हाडामागं लागले. सुट्टी मिळाली की आमच्याच भागात फिरायचे. डोंगरकड्याला, वारंगा फाट्याला, कळमनुरीकडच्या तांड्यांवर. खुबा मोडलेलं माणूस कुठंही सापडतं, आणि कुणीही फोटो फेकत नाही. गादीखालून, पत्र्याच्या पेटीतून, देवाच्या फोटोमागून फोटो निघायचे. पण ते जुने फोटो मापाला उपयोगाचे नव्हते, शेजारी किल्ली कुठं होती? मग मी फोटो काढणाऱ्या दुकानांत जाऊन बसायला लागले. मांडीच्या शेजारी, हाडाच्या उंचीवर स्टीलचा एक छर्रा चिकटवायचा, मग फोटो. फोटोवाले आधी हसायचे, नंतर चहा पाजायचे.

तांड्यावरच्या एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "माझ्या हाडात काय बघती?" मी म्हटलं, पोकळी. ती म्हणाली, "पोकळी व्हय! वझं वाहून वाहून भरली असंल." तिच्या मांडीची पोकळी दहाची निघाली. बाजारात मिळणारा सगळ्यात बारीक दांडा बाराचा होता. असल्या बायका किती होत्या! वरती रुंद आणि खाली एकदम चिंचोळं होत गेलेलं, किंचित पुढं वाकलेलं हाड. दांडे मात्र सगळे आले होते धिप्पाड माणसांच्या हाडांवरून. जो बसेना तो ठोकायचा, हाड फुटलं की पेशंट उकिडवा बसला म्हणायचं.

मी नवा दांडा काढला. सुरुवात नऊपासून, एकेक मिलिमीटरनं वर. वरचा भाग पसरट, खालचा आखूड आणि निमुळता. मालक डोकं धरून बसला, "एवढे साइज कोण ठेवील, बाई?" मी म्हटलं, "बैलाला पत्री मारतात तेव्हा आधी खूर बघतात. माणसाला तेवढं तरी करा." भांडून भांडून नऊ साइज मंजूर करून घेतले. आणि प्रत्येक दांड्याच्या डब्यात एक छर्रा टाकायला लावला, सोबत चिठ्ठी, फोटो काढताना हा मांडीशेजारी ठेवावा. मालकाला वाटलं काय चांगली कल्पना आहे. कल्पना कसली? प्रत्येक डब्यातून मी त्या डॉक्टरला एकेक शिवी धाडत होते.

आणि मग देवानं त्याला माझ्या पुढ्यात आणून उभं केलं. तो आता आमच्या भागातला नाव कमावलेला माणूस झाला होता. डॉक्टरांची मोठी बैठक होणार होती आणि आमचा दांडा चांगला आहे असं तिथं त्यानं सांगितलं तर माल खपेल, असं मालकाचं म्हणणं. "तूच जा, तू नीट समजावतेस." मी म्हटलं, जाते की. आनंदानं जाते.

तोच दवाखाना, वर तीन मजले चढलेले. त्यानं मला ओळखलं नाही. केस पिकले होते, बोलणं गोड झालं होतं. दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला. "वा! आपल्या लोकांना असंच काहीतरी हवं होतं." मग छर्रा उचलला. "आणि हा कशाला?"

मी पाकिटातून आबांचा फोटो काढला आणि त्याच्या उजेडाच्या पेटीवर लावला. "यात छर्रा नाही, डॉक्टर. पण किल्ली आहे. फोटोत साठची, खरी पन्नासची. आता पोकळी मोजा."

त्यानं हौसेनं मोजली. तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "साडेअकरा, बारा. इथं दहाचा नाहीतर अकराचा बसेल."

"तुम्ही चौदाचा बसवला."

मी दुसरा फोटो लावला, तारखेवर बोट ठेवलं, मग रेघेवर. मी खुर्चीत मागं टेकून बसले. या घटकेसाठी मी दहा वर्षं थांबले होते आणि मला अजिबात घाई नव्हती.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"पोरगी."

तो खाली बसला. फोटोवरच नजर ठेवून बोलला. "एकच पार्सल आलं होतं. बसेना. रुग्ण टेबलावर, हाड उघडं. दुसरा दांडा कुठून आणणार? ठोकला. आवाज आला."

"आवाज आला! म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग उकिडवे बसले म्हणून ओरडलात ते?"

त्यानं मान वर केली. "तुमच्याच घरच्या कुणीतरी सांगितलं होतं. एक मुलगी होती..." आणि तो थांबला. कळलं त्याला. मलाही कळलं की त्याला कळलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून ती बोलली," मी म्हटलं. "सुटायला वाट हवी होती तुम्हाला. कागद घ्या. दवाखान्याच्या नावाचा. मी सांगते ते नाही, जे झालं ते लिहा. नाहीतर हे दोन्ही फोटो मी तुमच्या बैठकीत पडद्यावर लावते, तुमच्या नावासकट."

त्यानं लिहिलं. एकेक ओळ कागदावर उतरताना पाहून माझ्या मनाला फार थंडावा मिळाला. खोटं कशाला बोलू? सही घेतली, शिक्का मारून घेतला. बैठकीतही मी ते फोटो लावलेच. त्यानं लिहून दिलं होतं, म्हणून नाव तेवढं घेतलं नाही. फक्त किल्ली दाखवली. पहिल्या रांगेत तो चष्मा पुसत बसला होता.

दुसऱ्या दिवशी साखऱ्याला गेले. दुपार कलली होती. आबा ओट्यावर फळी ठोकलेल्या खुर्चीत, माय पायरीवर सुपात तूर पाखडत होती. मी आबांसमोर कागद उघडला. "आबा, डॉक्टरनं लिहून दिलंय. ऐका." आणि वाचलं. "शस्त्रक्रियेच्या वेळी दांडा ठोकताना रुग्णाचे हाड फुटले. दांडा मापाने मोठा होता. ते माप घेताना चूक माझी झाली. रुग्ण उकिडवे बसल्याने हाड फुटले हे माझे म्हणणे खोटे होते."

मायच्या हातातलं सूप थांबलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं आबा आता डॉक्टरला चार शिव्या हासडतील, नाहीतर रडतील. ते कागदाकडं पाहत होते. आबांना वाचता येत नव्हतं.

"सही हाय?"

"ही बघा. शिक्का बी हाय."

त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. मग बोट खाली सरकलं. "हितं जागा रिकामी हाय."

"हाय की. काहून?"

"तुझ्यासाठी."

"माझं काय, आबा?"

"पडदा पातळ व्हता, बाई." आबा माझ्याकडं न पाहता बोलत होते. "पंखा फिरून राहिला व्हता, पर तुझा आवाज मला तुझ्या जल्मापसून वळखू येतो. डाक्टरचं मी मनावर घेतलं न्हाई. त्यो परका. दहा वर्सं मी वाट पाहून राहिलो, आज सांगंल, उद्या सांगंल. तू किल्ली मापली तवा बी वाटलं, आता सांगते."

माय म्हणाली, "काय सांगायचं? काय म्हनून राहिलेत हे?"

मी पेन काढला. शिक्क्याच्या खाली लिहिलं. लिहिताना दोनदा खाडाखोड झाली. मग हळू आवाजात वाचलं. "आबा उकिडवे बसले नव्हते. ते डब्यावर बसले होते. मी डॉक्टरला खोटं सांगितलं आणि खरं कळल्यावरसुद्धा गप्प राहिले."

मायनं सूप खाली ठेवलं. आबांनी मान हलवली. "असं न्हाई. उभी ऱ्हाय. रस्त्याकडं त्वांड कर अन् मोठ्यानं वाच. लोकायनं मला मोठ्यानंच म्हनलं व्हतं."

मी उभी राहिले आणि वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. गिरणीवरून दळण घेऊन येणारे दोघं रस्त्यात थांबले. समोरच्या घरातली बाई हात पुसत दारात आली.

"आता पुन्यांदा वाच," आबा म्हणाले. "तिला आधीचं ऐकू आलं नसंल."